सक्तीने मुसलमान झालेले नेताजी पालकर परत कसे आले?

लोणावळ्याचा घाट उतरून पनवेलकडे जाताना चौक गाव लागतं. सरनौबत नेताजी पालकर इथलेच मानले जातात.

१६६५ च्या पुरंदर तहात मावळातला लोहगड मुघलांकडे गेला. पुढच्या वर्षी नेताजीही गेले. शिवराय आग्र्याहून निसटताच औरंगजेबाने त्यांना कैद केलं. १६६७ मध्ये धर्म बदलायला लावला. नवं नाव मुहम्मद कुली खान. मग रवानगी थेट काबूलला!

इस्लामी कायद्यात जबरदस्तीला ‘इकराह’ म्हणतात. मुघल मानायचे त्या हनफी परंपरेत सक्तीने कबूल केलेला इस्लामही वरकरणी ग्राह्य धरतात. पण असा माणूस मागे फिरला, तर इतर धर्मत्याग्यांसारखा मृत्युदंड नाही. कारण त्याच्या मनाबद्दल शंका उरते.

परतीची वाट हिंदू समाजातही सोपी नव्हती. १६७६ मध्ये नेताजी आले आणि शिवरायांनी त्यांना विधिपूर्वक स्वधर्मात घेतलं.