मातीतून ऑलिंपिककडे



सोलापुरात उन्हाळा सुरू झाला की पोहण्याच्या तलावावर मुलामुलींची गर्दी होते. तुमच्यापैकी काही जण शालेय जलतरण स्पर्धेतही भाग घेतात. माझ्या वर्गातील एक मुलगी अशीच जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरली होती. वर्षभर पहाटे उठून तिने सराव केला होता. शेवटच्या क्षणी केवळ हातभर अंतराने ती मागे पडली आणि तिचा चौथा क्रमांक आला. पहिल्या तिघींना पदके मिळाली, चौथीला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली की आता ती पोहणे सोडून देणार आहे. तेव्हा मी तिला एका माणसाची हकिकत सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो. हा माणूस पाण्यातला नव्हता, तो मातीतला होता. पण हरल्यावर काय करायचे, हे त्याच्याइतके चांगले कोणी शिकवू शकणार नाही.

त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. सातारा जिल्ह्यात कराड नावाचे गाव आहे. तेथे कृष्णा आणि कोयना या दोन नद्या एकमेकींना मिळतात. कराडजवळच्या गोळेश्वर या लहानशा खेड्यात 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. त्यामुळे खेळण्याच्या वयातच खाशाबांच्या अंगाला आखाड्याची लाल माती लागली.

तुम्हाला एक गंमत सांगू? उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र जेथे कुस्ती शिकवतात त्या जागेला 'तालीम' म्हणतात. तुमचा 'उस्ताद' मराठीत आला आणि 'वस्ताद' झाला. 'पहलवान'चा 'पैलवान' झाला. म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात उतरलात तर निम्मे शब्द तुमच्या ओळखीचेच भेटतील.

खाशाबांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. 1942 साली 'चले जाव' चळवळ सुरू झाली, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. इंग्रज सरकारपासून लपून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यांनी मदत केली. पुढे ते शिकण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर.

तेथे त्यांच्या आत्मविश्वासाची पहिली परीक्षा झाली. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांना कुस्ती खेळायची होती. पण खाशाबा उंचीने बेताचे आणि अंगाने सडपातळ. हा मुलगा काय कुस्ती खेळणार, असे वाटून क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव घेण्यास नकार दिला, असे सांगतात. खाशाबा रागावले नाहीत की रडत घरी गेले नाहीत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले आणि एक संधी मागितली. प्राचार्यांनी परवानगी दिली. मग या सडपातळ मुलाने आपल्याहून धिप्पाड पैलवानांना आस्मान दाखवले. आपल्याला काय येते हे इतरांना ठाऊक नसले, तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे. यालाच आत्मविश्वास म्हणतात.

1948 साली लंडनला ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. खाशाबांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासखर्चाचा भार उचलला. पण लंडनला गेल्यावर एक मोठी अडचण उभी राहिली. खाशाबांचा सारा सराव मातीवरचा आणि तेथील कुस्ती मात्र मॅटवर. नियमही वेगळे. विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला एकदम स्पर्धेच्या तलावात, दोरांनी आखलेल्या पट्टीत पोहायला सांगितले तर तो जसा गोंधळेल, तशीच ही स्थिती होती. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना थोड्याच दिवसांत मॅटवरील कुस्तीचे धडे दिले. खाशाबा सर्वांत हलक्या, म्हणजे 52 किलोच्या गटात खेळले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांतच हरवले. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवले. पण इराणच्या मन्सूर रईसीपुढे त्यांचे काही चालले नाही. शेवटी त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

मित्रांनो, सहाव्या क्रमांकाला पदक नसते. खाशाबा रिकाम्या हातांनी परतले. आता विचार करा, त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? आपल्याला मॅटची सवय नव्हती, आपला काय दोष, असे म्हणून स्वतःची समजूत घालता आली असती. ते खोटेही नव्हते. पण खाशाबांनी उलटा विचार केला. थोड्या दिवसांच्या शिकवणीवर जगात सहावा क्रमांक येतो, तर चार वर्षांच्या मेहनतीने काय होणार नाही? त्यांनी सराव वाढवला. नवे डाव शिकून घेतले. वजन वाढवून ते वरच्या, म्हणजे 57 किलोच्या गटात गेले. तेथे प्रतिस्पर्धी आणखी ताकदवान होते.

पुढचे ऑलिंपिक 1952 साली फिनलंड देशातील हेलसिंकी शहरात होते. पण तेथपर्यंतची वाट सोपी नव्हती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना विजेत्यापेक्षा एक गुण कमी देण्यात आला. हा आपल्यावर अन्याय आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना खेळांची आवड होती. त्यांनी पुन्हा कुस्ती लावली. या वेळी खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला थोड्याच वेळात चीत केले. एका गुणाचे भांडण त्यांनी तोंडाने नव्हे, मनगटाने मिटवले.

निवड झाली, पण आता प्रवासाला पैसे नव्हते. खाशाबांनी दारोदार फिरून मदत मागितली. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे दिले. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि 7000 रुपये उभे केले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. जरा विचार करा. विद्यार्थी हरून परत आला असता तर? तरीही गुरूने आपले छप्पर पणाला लावले. खाशाबांचा स्वतःवर जितका विश्वास होता, तितकाच त्यांच्या गुरूंचाही त्यांच्यावर होता.

जुलै 1952 मध्ये खाशाबा हेलसिंकीच्या मॅटवर उतरले. वय सव्वीस वर्षे. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. मग जपानच्या शोहाची इशी याच्याशी गाठ पडली. ही कुस्ती बराच वेळ रंगली आणि खाशाबा अगदी थोडक्यात हरले. अंग घामाने निथळत होते. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह याच्याशी लढण्यास सांगण्यात आले, आणि त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. इशीला सुवर्णपदक, मम्मदबेयोव्हला रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले.

याच स्पर्धेत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले होते. पण एकट्याच्या बळावर पदक मिळवणारे खाशाबा हे स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू ठरले. असे दुसरे पदक भारताला 1996 साली, म्हणजे तब्बल 44 वर्षांनी, टेनिसपटू लिअँडर पेस यांनी मिळवून दिले. यावरून त्या कांस्यपदकाचे मोल तुमच्या लक्षात येईल.

खाशाबा गावी परतले तेव्हा कराडच्या स्टेशनापासून त्यांची मिरवणूक निघाली. 151 बैलगाड्या सजल्या होत्या. ढोल-ताशे वाजत होते. एरवी काही मिनिटांत संपणारी वाट, पण तिला त्या दिवशी सात तास लागले. या आनंदात खाशाबा एक गोष्ट मात्र विसरले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या खेळून पैसे मिळवले आणि आपल्या प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. माझ्या मते, त्यांच्या आयुष्यातील ही सर्वांत मोठी कुस्ती होती. पदक तर त्यांनी गळ्यात घातलेच, पण गुरूचे ऋण डोक्यावर ठेवले नाही.

1955 साली ते मुंबई पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकला त्यांना जाता आले नाही. पुढे ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी एका रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. जिवंतपणी त्यांचा म्हणावा तसा गौरव झाला नाही. अर्जुन पुरस्कारही मृत्यूनंतरच मिळाला. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला 2010 साली त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, हा आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

ही हकिकत ऐकून झाल्यावर त्या मुलीने मला एकच प्रश्न विचारला. लंडनहून परत आल्यावर खाशाबांनी सराव पुन्हा कधी सुरू केला? मी तिला म्हणालो की तो दिवस काही मला ठाऊक नाही, पण तुझा दिवस तुझ्या हातात आहे. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली तेव्हा तिच्या वेणीतून पाणी ठिबकत होते.

स्वाध्याय

1. कॉलेजच्या स्पर्धेत भाग घेण्यासाठी खाशाबांनी काय केले?
2. लंडनला खाशाबांपुढे कोणती अडचण आली?
3. प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांना कशी मदत केली? खाशाबांनी ती कशी फेडली?
4. 'आस्मान दाखवणे' व 'पणाला लावणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
5. मराठीत आलेले व तुम्हाला उर्दूतून माहीत असलेले पाच शब्द पाठातून शोधून लिहा.