चार पेन्सिल सेलवर बाजी मारणारे योकोई

मित्रांनो, एकदा घरातला माळा धुंडाळून बघा. टीव्हीला जोडायचा जुना गेम, त्याचे दोन रिमोट, एखाददुसरी पिवळी कॅसेट हाती लागायची शक्यता आहे. तुम्ही तेव्हा फार लहान असाल, पण दादाला, ताईला नाहीतर काकाला विचारा. कॅसेट चालली नाही की तिला फुंकर मारायची, पुन्हा खोचायची आणि मारिओ पळायला लागला की घरभर जल्लोष! पंचाईत एकच होती. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात भारनियमनाच्या दिवसांत भरदुपारी लाईन गेली, की मारिओही गेला. मग बाहेर निघायचा तो ब्रिक गेम. पेन्सिल सेलवर चालणारा, डब्यावर ९९९९ खेळांचा दावा करणारा आणि प्रत्यक्षात तेच ते मोजके खेळ फिरवून दाखवणारा. त्याला ना टीव्ही लागायचा, ना लाईन.

हल्ली या जुन्या गेमच्या आठवणींचे रील्स भरपूर फिरतात. त्यात मारिओ असतो, कॉन्ट्रा असतो. पण आपला अंगठा ज्या बटणावर तासन् तास टेकलेला असायचा, ते बटण कुणाच्या डोक्यातून आलं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. तर नाव लक्षात ठेवा, गुनपेई योकोई. रिमोटवरचं ते अधिकच्या चिन्हासारखं बटण त्यांचंच. आणि खिशात घालून न्यायचा, सेलवर चालणारा गेम जगभर घरोघरी पोहोचला, तोही त्यांच्यामुळेच. आपल्याकडे आलेल्या बहुतेक वस्तू नकला होत्या, पण ज्याची नक्कल करावीशी वाटली ते मूळ काम या माणसाचं होतं.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं आणि १९६५ मध्ये निन्टेंडोत नोकरी धरली. निन्टेंडो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चकाचक ऑफिस आलं असेल, तर थांबा! ही कंपनी १८८९ पासून पत्ते बनवायची. फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते. ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल करणं, हे या पदवीधर पोराचं काम.

यंत्रं सुरळीत चालली की हाताला काम नसायचं. मग योकोईंनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांब होणारा हात बनवला. जुन्या दुकानांना असलेलं चॅनल गेट तुम्ही पाहिलंय ना? त्याच्या आडव्या-तिरप्या पट्ट्या जशा उघडतात-मिटतात, तशीच रचना. मूठ दाबली की हात पुढे जाऊन लांबची वस्तू पकडायचा. नेमके तेव्हाच कारखान्यात फेरी मारणारे कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ते पाहिलं. कामाच्या वेळेत खेळत बसल्याबद्दल नोकरी जायची वेळ, पण झालं उलटंच. यामाउचींनी ते खेळणं बाजारात आणायला सांगितलं. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ आलं आणि दहा लाखांच्या वर खपलं. यंत्रांना तेल देणारा माणूस खेळणी बनवणारा झाला.

आता खरी गंमत. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांत कॅल्क्युलेटर स्वस्त करण्याची जबरदस्त चढाओढ लागली होती. त्यामुळे त्यात लागणारी चिप आणि एलसीडी काच मातीमोल झाली. असं म्हणतात, की योकोई एकदा बुलेट ट्रेनने निघाले होते. डब्यात एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. इतरांना त्यात कंटाळा दिसला असता, यांना त्यात गेम दिसला. १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. एका यंत्रात एकच खेळ आणि सोबत घड्याळ. या मालिकेचे ४ कोटींहून जास्त नग विकले गेले.

१९८२ मध्ये याच मालिकेत ‘डाँकी काँग’ आणायचा होता. खिशातल्या वस्तूवर उभी दांडी बसवली तर ती मोडणार. योकोईंनी चारही दिशांसाठी एकच चपटं, अधिकच्या चिन्हासारखं बटण बसवलं. न बघता अंगठ्याला दिशा कळते, हे त्याचं वैशिष्ट्य. १९८३ मध्ये निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ या टीव्ही गेमच्या रिमोटवर ते गेलं आणि फॅमिकॉमच्या नकलांसोबत आपल्या घरात आलं. त्याच वर्षी आपल्या शेगावात गजानन महाराजांच्या नावाचं इंजिनीअरिंग कॉलेज सुरू झालं, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

योकोईंचा कामाचा हिशेब साधा होता. नवंकोरं तंत्रज्ञान महाग असतं आणि बिघडतंही फार. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याची खोड सगळ्यांना कळलीय, ते घ्यायचं आणि कुणी लावलं नसेल तिथे लावायचं. १९८९ चा ‘गेम बॉय’ याच हिशेबातून आला. हिरवट काळपट पडदा, रंग नाहीत, मागून उजेड नाही. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आणि पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’ आला. दोन्हींचे पडदे रंगीत, झगमगीत! पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते काही तासांतच मान टाकायचे. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास आरामात चालायचा आणि हातातून पडला तरी सहसा हूं की चूं करायचा नाही. मॉस्कोत जन्मलेला ‘टेट्रिस’ त्याच्या जोडीला आला. पुढे आलेला रंगीत गेम बॉय धरून एकूण ११ कोटी ८० लाखांवर नग विकले गेले. ठोकळे रचायचा आपला ब्रिक गेम याच जोडीचा गरीब चुलतभाऊ.

मग योकोईंचं सगळंच जमलं का? नाही. १९९५ मध्ये त्यांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. त्रिमितीय चित्र दाखवणारं यंत्र, पण फक्त लाल आणि काळ्या रंगात, कारण लाल दिवे स्वस्त होते. हिशेब तोच, निकाल उलटा. टेबलावर ठेवलेल्या यंत्रात मान वाकवून डोळे घालायचे. ना ते खिशात मावायचं, ना शेजारी बसलेल्या मित्राला काही दिसायचं. डोळे-डोकं दुखल्याच्या तक्रारी आल्या. वर्षभरातच ते बंद पडलं.

मित्रांनो, हा फरक नीट बघा. गेम बॉयमध्ये रंग गेला, पण बदल्यात खेळणाऱ्याला दिवसभर पुरणारे सेल आणि परवडणारी किंमत मिळाली. व्हर्च्युअल बॉयमध्येही रंग गेला, पण खेळणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडलं नाही. नुसतं स्वस्तात बसवलं म्हणजे झालं असं नसतं. जे कमी केलं, त्याच्या बदल्यात वापरणाऱ्याला काय दिलं, यावर सगळं ठरतं.

१९९६ मध्ये, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, योकोईंनी निन्टेंडो सोडली आणि ‘कोतो’ नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली. बांदाई कंपनीसाठी नव्या हातातल्या गेमवर त्यांचं काम सुरू होतं. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी महामार्गावर त्यांच्या गाडीचा पुढच्या ट्रकशी अपघात झाला. नुकसान बघायला ते खाली उतरले आणि दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय अवघं ५६. तो गेम, ‘वंडरस्वान’, १९९९ मध्ये बाजारात आला. त्याला एकच पेन्सिल सेल पुरायचा. त्यावरच्या एका कोड्याच्या खेळाला योकोईंचं नाव दिलं होतं, ‘गुनपे’.

जुन्या गेमची आठवण येते तेव्हा आपण म्हणतो, ते दिवसच भारी होते. दिवसांचं जाऊ द्या. तो गेम लाईन नसतानाही चालायचा, चौघांत फिरायचा आणि खिशाला परवडायचा, हे कुणीतरी डोकं चालवून ठरवलेलं होतं. पुढच्या वेळी फायनल इयरचा प्रोजेक्ट निवडायला बसाल आणि आपल्याकडे भारी लॅब नाही, महागडा लॅपटॉप नाही अशी कुरकुर सुरू होईल, तेव्हा पत्त्यांच्या कारखान्यातला हा मेकॅनिक आठवा. घरात पडलेला जुना फोन, स्वस्त सेन्सर, भंगारातली मोटर समोर मांडा. आणि ते कुणाच्या हातात जाणार आहे, त्याच्या गावात लाईन किती तास असते, हे आधी विचारा.