डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आजारपण

डॉ. भीमराव रामजी तथा बाबासाहेब आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे भारतीय कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक व संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. आयुष्याच्या अखेरच्या सुमारे दहा वर्षांत त्यांना संधिवात, न्यूरायटिस म्हणजे मज्जातंतूंचा दाह, मधुमेह आणि उच्च रक्तदाब या विकारांनी ग्रासले होते. या काळातील त्यांचा दुसरा विवाह, हिंदू कोड बिलासाठी त्यांनी केलेली घाई आणि बौद्ध धम्मावरील अखेरचा ग्रंथ या तिन्ही गोष्टी त्यांच्या प्रकृतीशी निगडित आहेत. चरित्रग्रंथांत आजारपणाचा उल्लेख बहुधा अखेरच्या प्रकरणात येतो. प्रत्यक्षात ते १९४७ पासूनच त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाले होते.

पूर्वायुष्य

विद्यार्थिदशेत आंबेडकरांनी शरीराची फारशी पर्वा केली नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात (१९१३–१६) व पुढे लंडनमध्ये त्यांनी दिवसाचे बहुतेक तास ग्रंथालयांत बसून काढले. लंडनमधील दुसऱ्या वास्तव्यात पैशाची चणचण इतकी होती की पोटभर जेवण हीदेखील नित्याची गोष्ट नव्हती. एका बैठकीत रात्र रात्र वाचन करण्याची सवय त्यांना तेव्हापासून जडली व ती अखेरपर्यंत सुटली नाही. मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेले राजगृह हे घर त्यांनी मुख्यतः ग्रंथांसाठी बांधले होते.

नाशिक

नाशिकशी त्यांचा संबंध आला तो धडधाकट वयात. २ मार्च १९३० रोजी पंचवटीतील काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. हजारो सत्याग्रहींची मिरवणूक मंदिराकडे गेली व चारही दरवाजे बंद असल्याने गोदावरीच्या घाटाकडे वळली. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, तेव्हाही ते तेथे हजर होते. हा लढा सुमारे पाच वर्षे चालला. त्याची स्थानिक धुरा दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव कृष्णराव तथा दादासाहेब गायकवाड यांनी वाहिली. २७ मे १९३५ रोजी आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई यांचे निधन झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला नाशिक जिल्ह्यातीलच येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. ती प्रत्यक्षात येण्यास २१ वर्षे लागली. त्यांतील निम्मा काळ दुखत्या पायांनी गेला.

दादासाहेब गायकवाडांशी त्यांचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला. त्यांच्या प्रकृतीचा अभ्यास करणाऱ्यास या पत्रांचे मोल विशेष आहे. जाहीर भाषणांत आंबेडकर स्वतःच्या दुखण्याविषयी क्वचितच बोलत. नाशिकच्या या सहकाऱ्याजवळ मात्र ते मोकळेपणाने लिहीत.

दुखण्याचे स्वरूप

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी काम केले. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सादर केली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. आजारी कामगाराला रजा व वेतन मिळावे ही त्या योजनेमागील कल्पना होती. स्वतः आंबेडकरांनी अशी रजा घेतल्याचे दिसत नाही.

१९४७ मध्ये पायांच्या वेदना असह्य झाल्या. दुखणे रात्री बळावत असे आणि सलग कित्येक रात्री झोपेवाचून जात. मधुमेहात रक्तातील वाढलेली साखर दीर्घकाळ राहिल्यास पावलांकडे जाणाऱ्या लांब मज्जातंतूंना इजा होते. मग पायांत आग होणे, मुंग्या येणे व ठणका लागणे ही लक्षणे दिसतात. ती रात्रीच अधिक जाणवतात. न्यूरायटिस या निदानाचा अर्थ असा. त्याच्या जोडीला संधिवात होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. संधिवात हा मराठी शब्द व्यवहारात सांध्यांच्या सर्व दुखण्यांना सरसकट लावला जातो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला मराठीत पुष्कळदा आमवात म्हणतात, हा त्यांतील एक विशिष्ट रोग. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, सांधे सुजतात व कालांतराने लगतचे हाड झिजते. आंबेडकरांच्या संदर्भात आलेल्या संधिवात या शब्दाचा अर्थ आमवात असाच घेणे योग्य नाही. हालचाल कमी झाली की स्नायू व हाडे दोन्ही दुबळी होतात, हे मात्र कोणत्याही सांधेदुखीला लागू आहे. दिवसभर खुर्चीत बसून लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते अधिकच.

उपायही तेव्हा मर्यादित होते. इन्शुलिन १९२२ पासून वापरात होते. सांधेदुखीवर ॲस्पिरिन, शेक, मालिश आणि विश्रांती यांवरच मुख्य भिस्त असे. आमवातावर कॉर्टिसोनचा पहिला प्रयोग अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये केला. त्याबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आंबेडकरांच्या दुखण्याने उचल खाल्ली तेव्हा हे औषध उपलब्ध नव्हते.

मसुदा आणि विवाह

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांना सादर झाला. पायांच्या वेदनांचा सर्वांत वाईट काळ याच सहा महिन्यांच्या आसपासचा आहे. मसुदा हातावेगळा झाल्यावर महिन्याच्या आत, १६ मार्च १९४८ रोजी, त्यांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून पुनर्विवाहाचा निर्णय कळवला. यशवंतच्या आईच्या निधनानंतर पुन्हा लग्न न करण्याचे त्यांनी ठरवले होते. परंतु पुनर्विवाह किंवा अकाली मृत्यू यांतून एक निवडावे लागेल, असे डॉक्टरांचे मत पडल्याचे त्यांनी या पत्रात नमूद केले. सुशिक्षित, वैद्यकीय ज्ञान असलेली आणि पथ्याचा स्वयंपाक करू शकणारी पत्नी हवी, अशी त्यांची निकड होती. पगारी परिचारिका घरात ठेवण्याचा पर्यायही विचारात आला होता. तथापि लोकापवादाच्या भीतीने तो मागे पडला.

मुंबईत त्यांच्यावर डॉ. माधवराव मालवणकर उपचार करीत. त्यांच्याच दवाखान्यात डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतील हार्डिंग ॲव्हेन्यूवरील निवासस्थानी नोंदणी पद्धतीने दोघांचा विवाह झाला. शारदा कबीर पुढे सविता आंबेडकर व अनुयायांत माईसाहेब म्हणून ओळखल्या गेल्या. इन्शुलिनची वेळ, पथ्यपाणी आणि विश्रांती यांची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. वधू सारस्वत ब्राह्मण असल्याने या विवाहावर बरीच चर्चा झाली. पत्रातील भाषा मात्र जातीच्या राजकारणाची नाही. ती रुग्णाची आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी मसुदा सभेपुढे विचारार्थ मांडला. दुसऱ्या दिवशी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभेत सांगितले की, समितीतील कोणी राजीनामा दिला, कोणी निवर्तले, कोणी परदेशी होते आणि एक-दोघे दिल्लीपासून दूर व बहुधा प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, त्यामुळे सारा भार अखेर आंबेडकरांवर पडला. प्रकृतीची सबब इतरांना लागू झाली, ती ज्यांना सर्वाधिक लागू होती त्यांनी पुढे केली नाही. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाच्या भाषणात डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी आंबेडकरांनी प्रकृती बरी नसताना हे काम केल्याचा आवर्जून उल्लेख केला.

हिंदू कोड बिल

१० ऑगस्ट १९५१ रोजी कायदामंत्री या नात्याने त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहिले. डॉक्टरांनी सुचवलेला उपचार सुमारे महिनाभर चालणार होता. तो फार लांबवता येत नव्हता. तत्पूर्वी हिंदू कोड बिल संसदेत घेऊन पार पाडावे, अशी त्यांची विनंती होती. स्त्रियांना वारसा व घटस्फोटाचे हक्क देणारे हे विधेयक सप्टेंबरात चर्चेला आले खरे, पण थोड्याच दिवसांत बाजूला ठेवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याचे कारण प्रकृती नाही, असे त्यांनी स्पष्टही केले. या विधेयकाचे भाग पुढे १९५५–५६ मध्ये स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संमत झाले.

अखेरची वर्षे

१९५२ च्या निवडणुकीतील पराभवानंतर ते राज्यसभेत गेले. १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर ते जवळजवळ अंथरुणाला खिळून होते. दृष्टीही मंदावली. चालताना काठी आणि बहुधा कोणाचा तरी खांदा लागे. दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील घरी या काळात बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे लेखन चालू होते. नानकचंद रत्तू टंकलेखन करत. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नी व डॉ. मालवणकर यांच्या उपचारांचे ऋण मान्य केले आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी धम्मदीक्षा घेतली व नंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. त्या दिवसाच्या छायाचित्रांत त्यांच्या हातात काठी दिसते. नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. परतीच्या वाटेवर सारनाथ व कुशीनगर पाहून दिल्लीस आले. ५ डिसेंबरच्या रात्री रत्तूंनी त्यांचे पाय चेपून दिले. त्यानंतर ते आपल्या ग्रंथाची प्रस्तावना चाळत बसले. ६ डिसेंबरला पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. पार्थिव विमानाने मुंबईस आणून ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार करण्यात आले.

निधनानंतर काही अनुयायांनी संशय व्यक्त केला व त्याचा रोख सविता आंबेडकरांकडे होता. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. दीर्घ आजारपणाचा हा तपशील ध्यानात घेतला तर त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. तरीही त्यांना अनेक वर्षे सार्वजनिक जीवनापासून दूर राहावे लागले. आंबेडकरांच्या उपचारांची व दिनचर्येची त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत डॉ. आंबेडकरांच्या सहवासात या आत्मचरित्रात १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ इंग्रजीत १९५७ मध्ये, लेखकाच्या पश्चात, प्रकाशित झाला.