दोन हजार रुपयांची मुक्तता

भाईंदर पूर्वेतील एखाद्या सदनिकेत राहणाऱ्या, माहेरी परतलेल्या विवाहितेला आज वकिलामार्फत नोटीस येते : अमुक दिवसांत नांदावयास या, अन्यथा न्यायालयात दावा दाखल करू. हिंदू विवाह कायद्याच्या ९ व्या कलमातील ही तरतूद वकिलांच्या परिभाषेत वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना म्हणून ओळखली जाते. तशी नोटीस हाती पडली की घराघरांत घबराट उडते. पत्नीला पोलीस उचलून सासरी नेऊन सोडतील, अशीही अनेकांची समजूत असते. तसे काही घडत नाही. मात्र जे आज घडत नाही ते १८८७ मध्ये मुंबईत घडण्याच्या बेतात होते, आणि ज्या बावीस वर्षांच्या तरुणीवर तो प्रसंग आला, तिचे नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांच्या सुतार समाजात विधवाविवाहाला मुभा असल्याने पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी विवाह केला. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाहाची वाट खुली केली होती, पण तिची किंमतही ठरवून ठेवली होती. पुन्हा लग्न करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क जाई आणि मुलांच्या पालकत्वासाठी मृत पतीच्या नातलगांना न्यायालयात अर्ज करता येई. जयंतीबाईंनी पतीची मालमत्ता लेकीच्या नावे केली. लेक आईजवळच वाढली. या मालमत्तेचा धागा पुढच्या खटल्यातही गुंतलेला होता, हे विसरून चालणार नाही.

सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित वैद्य, वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. तरीही समाजाच्या रीतीप्रमाणे रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातील, एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. दादाजींनी शिकून शहाणे व्हावे, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. शिक्षणाकडे पाठ फिरवून ते मामांच्या घरी राहू लागले. रखमाबाई मात्र माहेरीच राहिल्या आणि मिळेल ती पुस्तके वाचीत घडत गेल्या.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत नोटीस पाठविली आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. दादाजींची प्रकृती, त्यांचे तुटपुंजे उत्पन्न आणि ते राहत असलेल्या घरातील वातावरण ही कारणे रखमाबाईंनी पुढे केलीच, परंतु त्यांचा मूळ मुद्दा साधा होता. अजाणत्या वयात, संमतीवाचून लागलेले लग्न त्यांना बांधील मानावयाचे नव्हते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. या दोघांचा संसार कधी सुरूच झाला नव्हता, मग पुनःस्थापना कशाची, असा त्यांचा रोख होता. असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून आलेला आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. विशेष म्हणजे, असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली होती. हिंदुस्थानात ती कायम राहिली. धर्मरक्षणासाठी सरसावलेली मंडळी ज्या हत्याराचा आग्रह धरीत होती, ते हत्यार मुळात परदेशी होते.

निकालाने मुंबई-पुण्यात वादळ उठले. टिळक व त्यांची वृत्तपत्रे विरोधात, तर बेहरामजी मलबारी पाठीशी. रखमाबाईंनी स्वतः टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर पत्रे लिहिली. १८८६ मध्ये अपिलात सरन्यायाधीश सार्जंट यांच्या खंडपीठाने पिन्हे यांचा निकाल फिरविला. दावा फेरसुनावणीस गेला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात पतीच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली.

पुढे राणी व्हिक्टोरियाने हे लग्न रद्द केले, ही कथा आजही सर्रास छापली जाते. ती खरी नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. रखमाबाई न्यायालयात जिंकल्या नाहीत, त्यांची सुटका पैसे मोजून झाली. आणि तीही अर्धीच. काडीमोडाची रूढी असलेल्या जाती सोडल्या तर हिंदू स्त्रीला घटस्फोट नव्हता. दादाजी दुसरे लग्न करावयास मोकळे होते आणि त्यांनी ते केले. रखमाबाई कायद्याने दादाजींच्या पत्नीच राहिल्या.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. त्यानंतर सुरतेत दोन दशकांहून अधिक काळ आणि पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात त्यांनी स्त्रियांवर उपचार केले.

१९०४ मध्ये दादाजी वारल्याचे कळताच त्यांनी विधवेचा पांढरा वेष धारण केला. अनेकांना यात विसंगती दिसते. ज्या लग्नासाठी त्या तुरुंगात जावयास निघाल्या होत्या, त्याचेच वैधव्य त्यांनी स्वीकारावे? पण ज्या कायद्याने पत्नीपदातून सुटकेचा मार्गच ठेवला नव्हता, त्याच्या लेखी त्या त्या दिवशी खरोखरच विधवा झाल्या होत्या.

कायदा सावकाश बदलला. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झाले. १९२३ मध्ये अशा हुकमासाठी पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद गेली. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. पंधराव्या वर्षाआधी लग्न झालेल्या आणि अठरा पूर्ण होण्याआधी ते नाकारलेल्या मुलीला घटस्फोट मागण्याची सोय १९७६ मध्ये झाली. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत असा विवाह रद्द करवून घेता येतो. दादाजींची नोटीस आली तेव्हा रखमाबाई एकोणीस वर्षांच्या होत्या.

९ वे कलम मात्र आजही आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. हुकूम वर्षभर पाळला गेला नाही तर दोघांपैकी कोणालाही त्या आधारे घटस्फोट मागता येतो. पत्नीजवळ न जाण्यास सबळ कारण असेल तर असा हुकूम झाला म्हणून तिची पोटगी आपोआप बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. शिवाय २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला आपला अर्ज ती राहते तेथील न्यायालयात करता येतो. त्यासाठी सासरच्या गावी खेटे घालण्याची गरज उरलेली नाही.

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अंमलात आला. डॉ. रखमाबाई त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी निवर्तल्या.