मागच्या डब्याला ब्रेक देणारा माणूस

गळीत हंगाम सुरू झाला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. रेठरे, साखराळे, भुईंज या परिसरात पहाटेपासून उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. पुढे दोन-अडीच टनांचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे एक ट्रॉली आणि तिच्या मागे आणखी एक. दोन्हींत मिळून वीस टनांच्या घरात ऊस. सपाट रस्त्यावर हे सारे संथपणे चालते. मात्र उतार लागला की ओढणारा आणि ओढला जाणारा यांच्यातील नाते उलटते. मागचे वजन पुढच्याला ढकलू लागते. ट्रॅक्टरचा चालक ब्रेकवर उभा राहतो, पण ब्रेक लागतो तो ट्रॅक्टरच्या चाकांना. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा असा ब्रेक नसतोच. मधली पिन निसटली, तर मागची ट्रॉली कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

हा प्रश्न आजचा नाही आणि आपल्याकडचाही नाही. मागे जोडलेल्या गाडीला कोण थांबवणार, या एका प्रश्नाभोवती अमेरिकेतील एका तरुणाने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली. त्याचे नाव जॉर्ज वेस्टिंगहाऊस. विजेच्या इतिहासात त्यांचे नाव एडिसन आणि टेस्ला यांच्याबरोबर घेतले जाते. परंतु त्यांची पहिली आणि अनेकांच्या मते मोठी कामगिरी ब्रेकची आहे.

जॉर्ज यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल ब्रिज या लहानशा गावी झाला. वडिलांचा शेतीची यंत्रे बनविण्याचा कारखाना होता. पुढे कुटुंब स्केनेक्टडी येथे आले. शाळेत जॉर्जचे लक्ष नसे. कारखान्यातील लेथ आणि भट्टी हीच त्याची खरी शाळा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा हा मुलगा सैन्यात जाण्यासाठी घरातून पळाला आणि पालकांनी त्याला परत आणले. पुढे १८६३ मध्ये तो रीतसर भरती झाला, घोडदळात राहिला आणि अखेरीस आरमारात इंजिन विभागात अधिकारी झाला. १८६५ मध्ये घरी परतल्यावर त्याने महाविद्यालयात नाव घातले, पण काही महिन्यांतच शिक्षण सोडले. त्याच वर्षी वाफेच्या एका फिरत्या इंजिनाचे पहिले पेटंट त्याच्या नावावर लागले. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

त्या काळी आगगाडी थांबविण्याची रीत आज वाचताना अंगावर काटा येतो. प्रत्येक एक-दोन डब्यांमागे एक ब्रेकवाला असे. चालकाने शिट्टी दिली की हे ब्रेकवाले डब्यांच्या टपावरून धावत आणि प्रत्येक डब्याचे लोखंडी चाक हाताने फिरवून ब्रेक आवळत. हिवाळ्यात टपावर बर्फ असे, रात्री अंधार. कोणी आधी आवळे, कोणी नंतर. हातपाय गमावलेल्या आणि जिवाला मुकलेल्या ब्रेकवाल्यांची संख्या मोठी होती. एवढे करूनही गाडी थांबायला कित्येक फर्लांग लागत. आपल्या बोरघाटातही १८६९ च्या जानेवारीत मेल गाडीचे ब्रेक निकामी होऊन भीषण अपघात झाला होता.

१८६६ मध्ये स्केनेक्टडी ते ट्रॉय या मार्गावर जॉर्ज यांची गाडी अडकून पडली, कारण पुढे दोन मालगाड्या समोरासमोर आदळल्या होत्या. दिवस उजेडाचा, रूळ सरळ, दोन्ही चालकांना एकमेकांच्या गाड्या दिसत होत्या. तरी वेळेत थांबणे कोणालाही जमले नाही. चूक माणसांची नव्हती. थांबविण्याचे साधन सर्व डब्यांपर्यंत एकाच वेळी पोहोचत नव्हते. हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून बसला.

प्रथम त्यांनी सर्व डब्यांखालून एक लांब साखळी नेऊन ती ओढण्याची कल्पना लढवली. ती जमली नाही. मग वाफ नळीतून मागे नेण्याचा विचार झाला. पण वाफ वाटेतच थंड होऊन तिचे पाणी होते. अशा अवस्थेत एका मासिकात त्यांच्या वाचनात आल्प्स पर्वतातील मॉन्ट सेनिस बोगद्याचा वृत्तांत आला. तेथे दाबलेली हवा लांब नळ्यांतून नेऊन खडक फोडण्याची यंत्रे चालविली जात होती. हवा थंड झाली तरी तिचे पाणी होत नाही! उत्तर हाती लागले. १३ एप्रिल १८६९ रोजी त्यांना हवेच्या ब्रेकचे पेटंट मिळाले. वय अवघे बावीस. (योगायोग असा की, पुढे सांगली जिल्ह्यात ज्यांच्या नावाने किर्लोस्करवाडी वसली त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्मही याच वर्षीचा.) पिट्सबर्ग येथून निघालेल्या चाचणीच्या गाडीसमोर रुळावर एक घोडागाडी अडकलेली दिसली आणि चालकाने नवा ब्रेक ओढताच गाडी तिच्या अलीकडे काही फुटांवर थांबली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आढळते. त्याच वर्षी त्यांनी ब्रेक कंपनी स्थापन केली.

येथे सामान्य संशोधक समाधान मानून थांबला असता. वेस्टिंगहाऊस थांबले नाहीत, आणि त्यांचे मोठेपण येथेच आहे. पहिल्या ब्रेकमध्ये चालक हवा सोडे, ती नळीतून मागे जाई आणि ब्रेक लागत. म्हणजे नळी शाबूत असेल तरच ब्रेक. नळी फुटली अथवा गाडी मधून तुटली, तर ब्रेकची गरज सर्वांत जास्त असलेल्या मागच्या डब्यांनाच तो मिळत नसे. १८७२ मध्ये त्यांनी सगळी व्यवस्था उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी बसवली आणि तिच्याशी तिहेरी काम करणारी एक झडप जोडली. आता मुख्य नळीतील दाब ब्रेक लावण्याचे नव्हे, तर तो सोडून ठेवण्याचे काम करू लागला. दाब कमी झाला की झडप फिरते, टाकीतील हवा ब्रेकमध्ये जाते आणि चाक आवळले जाते. नळी फुटो, डबा सुटो, हवा निघून गेली म्हणजे ब्रेक लागणारच. बिघाड झाला की गाडी सुटण्याऐवजी थांबावी, हे तत्त्व यंत्रविद्येत त्यांनी अशा रीतीने रुजवले.

हे तत्त्व किती मोलाचे होते, ते आयर्लंडमधील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी दिसले. सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेली गाडी चढावर अडली. डबे दोन भागांत तोडून पुढचा भाग आधी नेण्याचे ठरले. गाडीला निर्वात ब्रेक होता, पण तो आपोआप लागणारा नव्हता. डबे सुटे करताच मागच्या भागाचा ब्रेक गेला. हाताचा ब्रेक आणि चाकाखाली लावलेले दगड पुरे पडले नाहीत. डबे उतारावरून मागे धावत सुटले आणि पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. साधन सतरा वर्षांपूर्वीच तयार होते. खर्चाच्या नावाखाली ते टाळले जात होते, हे वाचताना खेद वाटल्यावाचून राहत नाही.

मालगाड्यांची कथा आणखी वेगळी. १८८६ मध्ये अमेरिकेतील बर्लिंग्टन येथे पन्नास डब्यांच्या मालगाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढचे डबे आवळले जात, तोवर मागच्यांपर्यंत दाबातील घट पोहोचत नसे. मागचे डबे पुढच्यांवर धडकत आणि आतील माणसे फेकली जात. वेस्टिंगहाऊस यांचा ब्रेक तेथे सपशेल नापास झाला म्हणावे लागेल. त्यांनी झडप पुन्हा घडवली. दाब घटताच प्रत्येक डब्याची झडप नळीतील थोडी हवा स्वतः सोडून देई, त्यामुळे इशारा मागे वेगाने पोहोचे. १८८७ मध्ये पन्नास डब्यांची गाडी धक्का न बसता थांबू लागली. १८९३ मध्ये अमेरिकेत कायदा होऊन हवेचे ब्रेक सक्तीचे झाले.

विजेचा अध्याय येथे थोडक्यात आटोपतो, कारण तो सर्वश्रुत आहे. १८८८ मध्ये त्यांनी टेस्ला यांची पेटंटे घेतली, एडिसन यांच्या विरोधात प्रत्यावर्ती प्रवाहाची बाजू लढवली आणि १८९३ चे शिकागो प्रदर्शन त्याच विजेने उजळले. स्वामी विवेकानंदांनी ज्या निमित्ताने शिकागो गाठले, तेच हे प्रदर्शन. १९०७ च्या आर्थिक संकटात मात्र आपल्याच वीज कंपनीवरील ताबा त्यांना गमवावा लागला. तो घाव त्यांना अखेरपर्यंत जाणवत राहिला.

आपल्या पुणे-मिरज मार्गावर शिंदवणे घाटातून गाडी उतरते तेव्हा तिचा प्रत्येक डबा याच तत्त्वाने थांबतो. आपल्याकडे दीर्घकाळ निर्वात ब्रेक होता, पुढे हवेचा आला. पण नळी तुटल्यास ब्रेक लागावा, ही अट दोहोंत सारखीच. सातारा स्थानकात एसटी उभी राहिली की येणारा फुस्स आवाजही हवेच्या ब्रेकचाच. मोठ्या मालट्रकांत हवा संपली की जोरकस स्प्रिंग चाक आवळून धरतात. मोटारघराच्या मागे छोटी मोटार बांधून प्रवासाला निघणाऱ्या अमेरिकेतील कुटुंबांनाही त्या ओढलेल्या मोटारीसाठी निराळा ब्रेक निवडावा लागतो. कोणी तिच्या ब्रेकच्या पायट्यावर दाब देणारी पेटी ठेवतो, कोणी पुढच्या गाडीच्या हवेशी जोडलेली कायमची व्यवस्था बसवून घेतो. सोबत एक तारही असते. मोटार सुटली तर तार खेचली जाऊन ब्रेक लागतो.

उसाच्या ट्रॉलीसाठीही पर्याय आहेत. सर्वांत साधा म्हणजे ढकलीचा ब्रेक: ट्रॉली पुढे रेटू लागली की जोडदांडा आत दबतो आणि तिचीच चाके आवळली जातात. हा स्वस्त आणि ट्रॅक्टरला फारसा हात न लावता बसणारा. मात्र लांब उतारावर तो सतत घासून तापतो, गाडी मागे घेताना अडतो आणि ट्रॉली सुटली तर तारेवाचून निरुपयोगी ठरतो. दुसरा म्हणजे ट्रॅक्टरवरून चालणारा तेलाच्या अथवा हवेच्या दाबाचा. तो महाग, पण चालकाच्या पायाशी बांधलेला. दोन ट्रॉल्या ओढायच्या तर दुसराच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि त्यातही दाब गेला की लागणारा. हंगामाच्या तोंडावर ट्रॉलीला परावर्तक लावण्याच्या मोहिमा होतात, त्या आवश्यकच आहेत. मात्र परावर्तक मागून येणाऱ्याला वाचवतो. उतारावर पुढे चालणाऱ्या दुचाकीस्वाराला त्याचा काही उपयोग नाही.

वेस्टिंगहाऊस यांच्या नावावर ३६१ पेटंटे नोंदली गेली. त्यांच्या कारखान्यांत कामगारांना शनिवारी अर्धी सुट्टी मिळे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत शवपेटिकेला खांदा दिला तो ब्रेक कंपनीतील सर्वांत जुन्या कामगारांनी. पुढे त्यांना आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली, ती उद्योगपती म्हणून नव्हे, तर तरुणपणी बजावलेल्या सैनिकी सेवेच्या हक्काने.