झेनोफन आणि बुजणारें शिंगरूं

हातांत चाबूक असला म्हणजे घोडा शिकवितां येतो ही समजूत फार जुनी आहे. आणि ती खोटी आहे असें सांगणारें पुस्तकहि कांहीं कमी जुनें नाहीं. सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं झेनोफन नांवाच्या एका ग्रीक सेनानायकानें तें लिहिलें. युरोपांत अश्वविद्येवरील जे ग्रंथ आज संपूर्ण उपलब्ध आहेत, त्यांत हा सर्वांत जुना होय.

झेनोफनचा जन्म इ. स. पूर्वीं ४३० च्या सुमारास अथेन्स नगरांत एका सधन कुळांत झाला. तरुणपणीं त्यास सॉक्रेटीसाचा सहवास लाभला. इ. स. पूर्वीं ४०१ सालीं इराणचा राजपुत्र सायरस यानें आपल्या भावाचें राज्य घेण्यासाठीं ग्रीक पायदळ पदरीं ठेविलें. त्या स्वारींत झेनोफनहि गेला. बाबिलोनजवळ कुनाक्सा येथें लढाई होऊन सायरस मारला गेला. पुढें शत्रूनें तहाच्या बोलण्याचें निमित्त करून ग्रीकांच्या सेनापतींस बोलावून नेलें आणि ठार केलें. दहा हजारांच्या आसपास माणसें परमुलखांत, घरापासून शेंकडों कोस दूर, नायकावांचून उरलीं. त्यांनीं जे नवे सेनापति निवडले त्यांत झेनोफन होता.

ग्रीकांजवळ आतां घोडदळ नव्हतें. लोकांचा धीर सुटूं नये म्हणून झेनोफननें त्यांस समजाविलें कीं, घोड्याच्या चाव्यानें लढाईंत कोणी मरत नाहीं, मारतो तो माणूसच. हें बोलणें धीर देण्यापुरतें ठीक होतें. शत्रूच्या स्वारांनीं व तिरंदाजांनीं पिछाडीस हैराण करतांच त्यानेंच सामानाचीं घोडीं निवडून लगोलग पन्नास स्वार उभे केले!

या प्रवासांतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एकदां एका टेकडीचा माथा शत्रूच्या आधीं गांठावयाचा होता. झेनोफन घोड्यावरून लोकांस उत्तेजन देत होता. तेव्हां सोटेरिदास नांवाचा एक शिपाई कुरकुरला कीं, हा घोड्यावर आणि आम्हीं ढाल घेऊन पायीं. झेनोफननें खालीं उडी टाकली, त्याची ढाल हिसकून घेतली आणि त्याच्या जागीं चालूं लागला. अंगांत स्वाराचें जड चिलखत होतें, तरी तो थांबला नाहीं. शेवटीं इतर शिपायांनींच सोटेरिदासास मारून व शिव्या देऊन ढाल परत घ्यावयास लाविली.

डोंगर व बर्फ तुडवीत सैन्य इ. स. पूर्वीं ४०० मध्यें काळ्या समुद्राजवळ आलें. पुढच्या लोकांचा गलका ऐकून झेनोफनला वाटलें कीं शत्रूनें गांठलें. तो घोड्यावर स्वार होऊन भरधांव पुढें गेला, तों लोक समुद्र पाहून आनंदानें ओरडत होते. इतकें करूनहि तो कफल्लकच राहिला. लॅम्प्सॅकस येथें वाटखर्चासाठीं त्यास आपला घोडा पन्नास दारिक नाण्यांस विकावा लागला. तो घोडा त्याचा फार आवडता आहे हें ऐकून दोन स्नेह्यांनीं तो परत विकत घेतला व त्याच्या स्वाधीन केला. किंमत मात्र घेतली नाहीं.

पुढें अथेन्सनें त्यास हद्दपार केलें. स्पार्टानें ऑलिंपियाजवळ स्किलस येथें जमीन दिली. तेथें तो बरींच वर्षें शेती, शिकार व लेखन यांत राहिला. अश्वविद्येचें पुस्तक त्यानें उतारवयांत, आपल्याहून लहान अशा मित्रांसाठीं लिहिलें. त्या काळीं ग्रीसमध्यें रिकिबी नव्हत्या. शत्रूसमोर घोडा बुजला तर स्वार जमिनीवर येई, आणि मग त्याची धडगत नसे.

शिंगरूं फिरविण्याचें काम मालकानें स्वतः करूं नये, चाबुकस्वारास द्यावें, असें तो म्हणतो. मुलास कारागिराकडे ठेवतांना तें काय काय शिकून परत येईल हें लेखी ठरवितात, तसेंच येथेंहि ठरवावें. परंतु त्यापूर्वीं घरचें शिक्षण झालेलें असावें, आणि तें मोतद्दाराकडून. शिंगरूं एकटें असतां त्यास भूक, तहान व माशांचा उपद्रव जाणवावा. माणूस आला म्हणजे दाणापाणी मिळावें आणि उपद्रव टळावा. मग तें माणसाची वाट पाहूं लागतें. जेथें त्याचें त्यास खाजवितां येत नाहीं, तेथें आपण हात फिरवावा.

नंतर मोतद्दारानें त्यास गर्दींतून न्यावें, नाना दृश्यें व नाना आवाज यांची संवय करावी. एखाद्या वस्तूस तें भ्यालें तर तींत भिण्यासारखें कांहीं नाहीं हें गोडीगुलाबीनें पटवावें. मारून पुढें ढकललें तर भय दुणावतें. कारण होणारी वेदना त्या भयंकर वस्तूनेंच केली असें घोडा समजतो. त्यापेक्षां माणसानें आधीं स्वतः त्या वस्तूस हात लावावा आणि घोड्यास हळूं हळूं जवळ आणावें. चर ओलांडावयास शिकवितांना प्रथम आपण उडी मारून पलीकडे जावें व दोरीनें त्यास बोलवावें. येथें मात्र तो चाबूक अगदींच टाकून देत नाहीं. घोडा हटूनच बसला तर मागून एखादा फटका द्यावा म्हणतो. पण रागाच्या भरांत घोड्याजवळ कधीं जाऊं नये, हा त्याचा पक्का नियम. सोटेरिदासाची ढाल ज्यानें उचलली, त्यालाच हें आधीं आपण उडी मारण्याचें सुचावें यांत नवल नाहीं.

स्पार्टाची सत्ता ढासळल्यावर त्यास स्किलस सोडावें लागलें. त्याचे दोघे मुलगे, ग्रिलस व डायोडोरस, अथेन्सकडून लढावयास गेले. इ. स. पूर्वीं ३६२ सालीं मँटिनियाजवळ स्वारांच्या लढाईंत ग्रिलस पडला. डायोडोरस सुखरूप परतला. अशी कथा सांगतात कीं, बातमी आली तेव्हां झेनोफन डोक्यावर पुष्पमाला घालून देवास बलि अर्पण करीत होता. त्यानें माला काढून ठेविली. मुलगा शौर्यानें लढत पडला हें कळल्यावर त्यानें ती पुन्हा डोक्यावर घातली. त्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं तोहि वारला.