समर्थांची लेखनसाधना

इ. स. १६०८ मध्ये मराठवाड्यातील जांब या गावी सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. हाच नारायण पुढे समर्थ रामदास म्हणून विख्यात झाला. लहानपणीच घर सोडून तो नाशिकजवळील टाकळीस गेला. तेथे त्याने बारा वर्षे तप व अध्ययन केले, असे सांगतात.

त्या काळी महाराष्ट्रात छापखाने नव्हते. ग्रंथ हवा असल्यास दुसऱ्याची पोथी मागून आणावी आणि ती हाताने उतरून घ्यावी, एवढाच मार्ग होता. उतरणाऱ्याचे अक्षर गिचमिड असले, की पुढचा मनुष्य भलतेच वाची आणि तीच चूक आपल्या पोथीत उतरवी. एका निष्काळजी हातामुळे उत्तम ग्रंथही बिघडत असे. वाल्मीकींचे रामायण म्हणजे सुमारे चोवीस हजार श्लोक! समर्थांच्या हातची मानली जाणारी रामायणाची पोथी धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. एवढे लेखन एका बैठकीत होत नाही. त्याला रोजचा नेमच हवा.

पुढे शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला व शिष्य कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास केवळ लेखनासंबंधी आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे. काने, मात्रा, वेलांट्या नेमक्या असाव्यात. एका ओळीचा स्पर्श दुसरीस होऊ नये. त्यासाठी पान आधी आखून घ्यावे, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकसारखे असावे, हा त्यांचा कटाक्ष होता. तरुणपणी फार बारीक लिहिले, तर म्हातारपणी ते वाचवत नाही, म्हणून अक्षर मध्यम ठेवावे. चारी बाजूंस जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहते. बोरू कसे निवडावेत, हेही सांगण्यास ते विसरले नाहीत.

इ. स. १६८२ मध्ये सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. त्यांच्या शिष्यांनी मठामठांतून पोथ्या उतरल्या आणि जपल्या; म्हणूनच समर्थांचे विचार आपल्यापर्यंत पोहोचले. सुंदर अक्षर ही काही जन्मजात देणगी नव्हे. मुलांनो, पान आखून, घाई न करता, रोज दहा ओळी लिहा. महिन्याअखेरीस पहिले पान शेवटच्या पानाशेजारी ठेवून पाहा. नेमाचे फळ तुम्हांलाच दिसेल.